पुण्यात मुलांची रूम आणि मेस: कशाच्या आधी काय करायचं

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की तेच सुरू होतं. लातूर, जळगाव, सांगली, अकोला, कुठून कुठून आई-बाबा पोराला किंवा पोरीला घेऊन सकाळी स्वारगेट नाहीतर शिवाजीनगरला उतरतात, दुपारपर्यंत कॉलेज, मग एक एजंट, तीन रूम, त्यातली तिसरी पसंत, डिपॉझिट भरलं, गादी-बादली घेतली आणि रात्रीच्या गाडीने परत. एका दिवसात सगळं उरकलं म्हणून बरं वाटतं. मग गणपती संपेपर्यंत फोन सुरू होतात, "जेवण जमत नाहीये", "पाणीच येत नाही", "डिपॉझिट परत देत नाही म्हणतो". यातलं बरंचसं टाळता येतं, कारण मुळात चुकतो तो क्रम. लोक आधी रूम फायनल करतात आणि जेवणाचं मग बघू म्हणतात. माझं सरळ म्हणणं आहे की खोली शेवटी बघा, त्याआधी मेस बघा. खोलीत पोरगं झोपायला येतं, पण न जेवता झोपलं की काय होतं ते पहिल्या सेमिस्टरच्या निकालात दिसतं.

खाली टप्पे दिलेत, त्याच क्रमाने करा, मधला एखादा गाळू नका.

टप्पा १: ॲडमिशन पक्की झाल्याशिवाय एक रुपयाही भरू नका

इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेची ॲडमिशन सीईटी सेलच्या कॅप राऊंडने, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांनी होते. पहिल्या राऊंडला कॉलेज लागलं म्हणजे तेच कॉलेज असं नाही. सीट फ्रीझ केली, म्हणजे मिळालं तेच पक्कं केलं, तर विषय संपला, पण बेटरमेंट घेतली असेल, म्हणजे अजून चांगल्या कॉलेजची वाट बघत असाल, तर पुढच्या राऊंडला दुसरं कॉलेज लागू शकतं आणि ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला असू शकतं. पहिल्या राऊंडला आकुर्डीचं कॉलेज लागलं म्हणून निगडीत रूम घेतली, पुढच्या राऊंडला बिबवेवाडी लागलं, आता रूमवाला म्हणतो सहा महिन्यांचं लॉक-इन आहे, त्याआधी सोडता येणार नाही. चूक त्याची नाही, सही तुमची आहे.

"चांगल्या रूम संपतील हो नंतर" असं एजंट म्हणतोच, त्याचा धंदाच आहे तो. पुण्यात रूम संपत नाहीत, फार तर आवडलेली एखादी जाते. मधले दिवस काढायला नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे रहा, नाहीतर आठवड्याच्या हिशेबाने कॉट मिळते ती घ्या.

तपासा: बेटरमेंट बंद झाली का? कॉलेजात रिपोर्टिंग होऊन फीची पावती हातात आली का? दोन्हीला हो असेल तरच पुढे.

टप्पा २: कॅम्पस नक्की कुठला ते नकाशावर बघा

हे वाचून हसू येईल पण ही चूक फार कॉमन आहे. पुण्यात एकाच नावाच्या संस्था चार दिशांना आहेत. एमआयटी म्हटलं की लोकांना कोथरूड आठवतं, पण एमआयटीचं एक कॅम्पस आळंदीला आहे आणि एक लोणी काळभोरला, म्हणजे सोलापूर रस्त्यावर. डी. वाय. पाटील पिंपरीत आहे, आकुर्डीत आहे, लोहगावला आहे, तळेगावला आहे. सिंहगड वडगावला, कोंढव्याला आणि थेट लोणावळ्यालाही. सिम्बायोसिस विमाननगरला वेगळं, लवळ्याला वेगळं. व्हीआयटी बिबवेवाडीला आणि व्हीआयआयटी कोंढव्याला, एका अक्षराचा फरक आणि दोघांच्या मधे अख्खी टेकडी.

अलॉटमेंट लेटरवर कॉलेजचं पूर्ण नाव आणि पत्ता असतो, तो शब्दन् शब्द वाचा आणि फोनवर नकाशात टाका. मग तिथून चालत वीस मिनिटांत किंवा एका बसमध्ये काय काय येतं ते बघा. दोन बस बदलून जायचं असेल तर तो पत्ता यादीतून काढून टाका, कारण पहिल्या वर्षाची लेक्चर बरेचदा सकाळी आठला सुरू होतात आणि पावसात सिंहगड रोड किंवा कात्रज चौक काय असतो ते पुणेकराला विचारा. मेट्रो आता पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी अशी धावते, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलतही आहे, त्यामुळे कॉलेज मेट्रोच्या जवळ असेल तर रूम थोडी लांब चालेल. पण स्टेशनपासून कॉलेजचं शेवटचं अंतर स्वतः चालून बघा.

टप्पा ३: कागदांची फाईल आणि सरकारी अर्ज

रूम शोधायच्या आधी हे, कारण याला तारखा असतात आणि रूमला नसतात.

फाईलमध्ये काय पाहिजे: आधार (मुलाचं आणि ज्याच्या नावावर करार होणार त्याचं), फीची पावती, अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी) असेल तर, डोमिसाईल, पासपोर्ट फोटो मूठभर, आणि मुलाचं स्वतःचं आधार लिंक केलेलं बँक खातं. हे शेवटचं फार जण विसरतात, वडिलांच्या खात्यावर शिष्यवृत्ती येत नाही.

मग अर्ज. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर राहणं-जेवण दोन्ही सुटतं, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. नंबर लागला नाही तरी निराश होऊ नका, कारण नंबर न लागलेल्यांसाठीच योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असा हिशेब असतो. याशिवाय महाडीबीटीवर (सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जांची वेबसाईट) डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी बघायलाच पाहिजे. प्रत्येकाच्या उत्पन्नाच्या, मार्कांच्या आणि हजेरीच्या अटी वेगळ्या आहेत, त्या त्या वर्षीची जाहिरात वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना फोटो नको.

एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू. या पैशांचा हप्ता कॉलेज सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येत नाही, उशिराने येतो. त्यामुळे डिपॉझिट त्यातून भरू असं गणित करू नका. आणि भाडेकरार, मेसच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा, मागितल्या तर लागतात.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि मुलगा किंवा मुलगी कष्टाळू असेल तर विद्यार्थी सहायक समितीचं वसतिगृह नक्की बघा, तिथे अर्ज आणि मुलाखत घेऊन प्रवेश देतात.

टप्पा ४: कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर हे प्रश्न विचारा

पहिल्या वर्षी कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर घ्या, माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्या वर्षी मित्र होतात, एरिया कळतो, तेव्हा बाहेर पडता येईल. पण फी भरण्याआधी ऑफिसमधल्या माणसाला आणि रेक्टरला, दोघांनाही विचारा, कारण दोघं वेगळी उत्तरं देतात.

मेस सक्तीची आहे का? बहुतेक ठिकाणी असते. मग तिची फी हॉस्टेल फीमध्येच आहे की वेगळी? दिवाळीची सुट्टी, परीक्षेनंतरची सुट्टी, इंटर्नशिप, तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात का? पोरगं आजारी पडलं तर खिचडी किंवा पेज मिळते का आणि खोलीवर नेऊ देतात का? प्रॅक्टिकल लांबलं आणि साडेनऊला आला तर ताट झाकून ठेवतात का? मध्येच हॉस्टेल सोडलं तर किती परत मिळणार? ही सगळी उत्तरं नियमांच्या छापील कागदावर दाखवायला सांगा, कागदावर नसेल तर मेल करा आणि उत्तर मेलवरच घ्या. "बघू, ॲडजस्ट करू" याला उत्तर म्हणत नाहीत.

पहिल्या वर्षाची मुलं वेगळ्या इमारतीत किंवा निदान वेगळ्या मजल्यावर ठेवतात का तेही विचारा. रॅगिंगविरोधी हमीपत्र यूजीसीच्या नियमांप्रमाणे दरवर्षी मुलाने आणि पालकांनी दोघांनी भरायचं असतं, ते सायबर कॅफेवाल्याला भरायला देऊन मोकळे होऊ नका, एकदा वाचा. हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, हा नंबर पोराच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करायला लावा.

सावधान: कॉलेजच्या गेटबाहेर "कॉलेज हॉस्टेल" असा बोर्ड लावलेली इमारत बरेचदा खाजगी असते. पावती कोणाच्या नावाने फाडतात ते बघा, तिथेच कळतं.

टप्पा ५: मेस आधी, रूम नंतर

आता मुख्य मुद्दा. जागा बघायला येता तेव्हा पहिल्या दिवशी रूम बघूच नका. कॉलेजच्या आसपासच्या दोन आणि ज्या भागात रहायचा विचार आहे तिथल्या दोन मेसमध्ये जेवा. आणि जेवायला जाताना पहिल्या पंगतीला जाऊ नका. रात्री सव्वानऊला जा. आठ वाजता सगळीकडे पोळी गरम आणि भाजी भरपूर असते, खरी मेस सव्वानऊला कळते, भाजीत पाणी वाढलंय का, पोळीच्या जागी भातच पुढे सरकवतायत का, कोशिंबीर संपलीये का. शेजारी बसलेल्या पोरांना विचारा, ती सगळं खरं सांगतात, मालकासमोर सुद्धा.

पुण्यात मेसचे साधारण दोन प्रकार. एक तारखेची मेस, म्हणजे एक तारखेला पैसे भरले की महिनाभर तुमचं ताट, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. दुसरी ताटांची, म्हणजे कार्ड किंवा कूपन, जेवढी जेवणं तेवढ्या फुल्या. पहिल्या वर्षाच्या मुलाला कायम दुसरी घ्या.

ते कार्ड एकदा नीट बघा. जाड पिवळट कागदाचं, एका बाजूला सकाळचे ३० चौकोन, दुसऱ्या बाजूला संध्याकाळचे ३०, काउंटरवर बसलेले काका पेनाने फुली मारतात. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तेच महत्त्वाचं. "खाडे सलग तीन दिवस असल्यासच धरले जातील. एक दिवस आधी कळवणे. कार्डाची मुदत ३५ दिवस. रविवारी संध्याकाळी मेस बंद." पोरगं शनिवार-रविवार घरी आलं तर ते दोनच दिवस झाले, म्हणजे खाडा नाही, ते दिवस कार्डाच्या मुदतीतून गेले. शुक्रवार धरून कळवलं असतं तर तीन दिवस झाले असते. हे गणित पोराला पहिल्याच दिवशी समजावून द्या.

पैशांचंही गणित करून बघू. समजा तारखेच्या मेसचे महिन्याचे ३,६०० रुपये आणि दोन वेळा जेवण. तुम्हाला वाटतं ६० जेवणं, म्हणजे ६० रुपयांना ताट. पण चार रविवारी संध्याकाळी बंद, राहिली ५६, ताट ६४ रुपयांवर गेलं. आता आठवड्यातून दोनदा दुपारी कॉलेजातून मेसला यायला जमलं नाही तर अजून आठेक गेली, उरली ४८, ताट ७५ रुपयांना पडलं. वर त्या दिवशी बाहेर खाल्लेल्या वडापावचे आणि चहाचे वेगळे. म्हणून पोराच्या टाईमटेबलला जुळत नसेल तर स्वस्त मेस महाग पडते.

दुपारचंच खरं दुखणं आहे. कॉलेजची मधली सुट्टी पाऊण तासाची, मेस रूमजवळ म्हणजे तीन किलोमीटरवर, जाऊन येणं शक्यच नाही. अशा वेळी रूमजवळ फक्त संध्याकाळची एकवेळ मेस लावा आणि दुपारी कॉलेजचं कँटीन किंवा कॉलेजच्या गेटवर येणारा डबा. डबा लावायचा असेल तर डबेवाल्या काकूंना विचारा डबा किती वाजता पोचतो, कोणाकडे ठेवतात, आणि रिकामा डबा परत कसा जातो. परत द्यायचा विसरला की दुसऱ्या दिवशी डबा येत नाही, सरळ नियम आहे.

रविवारी संध्याकाळचं वेगळं ठरवा. सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत बहुतेक मेस त्या वेळी बंद असतात आणि दुपारी फीस्ट म्हणून पोरं दाबून जेवतात. संध्याकाळी भूक लागते तेव्हा काय, याचं उत्तर आधीच असू द्या, म्हणजे इलेक्ट्रिक केटल चालत असेल तर केटल, नाहीतर फळं, दूध, घरून दिलेला चिवडा.

स्वच्छता बघायची तर मोरीकडे जा, जिथे ताटं धुतात तिथे. वाहत्या पाण्यात धुतायत की एकाच घमेल्यात बुडवून काढतायत? पिण्याचं पाणी कशातून येतंय? भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर लावलेला आहे का? नंबर असला म्हणजे जेवण चांगलं असं नाही, पण नसेल तर विचारायला हरकत नाही.

सावधान: कधीही तीन किंवा सहा महिन्यांचे मेसचे पैसे एकदम भरू नका, दहा टक्के सूट दिली तरी. पहिला आठवडा रोजच्या ताटाचे पैसे देऊन जेवू दे, मग एका महिन्याचं कार्ड. मेस बदलायची मोकळीक हवी, ती त्या दहा टक्क्यांपेक्षा महाग आहे. आणि मेस पोराने निवडायची, तुम्ही नाही. तुम्ही दोनदा जेवणार, तो रोज.

टप्पा ६: आता रूम, आणि रूममध्ये आधी पाणी

मेस ठरली, आता तिच्यापासून चालत दहा मिनिटांत असलेल्या रूमच बघा. पर्याय तीन: पीजी म्हणजे खाणं-राहणं एकत्र, कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, आणि चार-पाच जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. पहिल्या वर्षाला फ्लॅट नको, अनोळखी मुलांबरोबर तर अजिबात नको, एकजण सोडून गेला की त्याचं भाडं बाकीच्यांच्या डोक्यावर. पीजीत जेवण सक्तीचं असेल तर टप्पा ५ मधली सगळी तपासणी तिथेही करा.

रूममध्ये गेल्यावर गादी आणि रंग बघू नका, थेट नळ सोडा. आणि विचारा, महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, बोअर आहे का, टँकर लागतो का, टँकरचे पैसे कोण देतं. वाघोली, बावधन, नऱ्हे, आंबेगाव अशा भागांत उन्हाळ्यात टँकर हा खर्चाचा वेगळा रकानाच असतो. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुतेक गुरुवारी, तेव्हा टाकी किती मोठी आहे ते विचारा. पिण्याच्या पाण्याबद्दल जास्तच चिकट व्हा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची (गुलियन बॅरे सिंड्रोम, हातापायातली ताकद जाते असा नसांचा आजार) साथ आली होती, तेव्हा दूषित पाण्याचाच विषय पुढे आला आणि खाजगी आरओ पाण्याचे प्लांटही तपासले गेले. याच पट्ट्यात हजारो मुलं राहतात. मालक म्हणाला फिल्टर आहे तर फिल्टर उघडून दाखवायला सांगा, शेवटची सर्व्हिस कधी झाली त्याचं स्टिकर असतं. नाहीतर सरळ पाणी उकळून प्यायची सोय आहे का ते बघा.

बाथरूमचा हिशेब माणशी करा. सहा मुलांना एक बाथरूम असेल आणि सगळ्यांना आठचं लेक्चर असेल तर प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी तास गेला, शेवटच्याचं लेक्चर बुडालंच. गरम पाणी सोलरचं आहे म्हणाले तर विचारा पावसाळ्यात काय. जुलै ते सप्टेंबर सोलरच्या नळाला कोमटही येत नाही, गिझर पाहिजे.

बाकी भराभर: भिंतीला ओल आहे का (पावसात बघताय हे चांगलंच आहे, उन्हाळ्यात कळत नाही), खिडकीला जाळी, कपाटाला स्वतःचं कुलूप लागतं का, लाईट बिल सबमीटरवर आहे का आणि युनिटचा दर काय लावतात, फोनला रेंज, रात्री कितीला गेट बंद, आई-बाबा आले तर वर येऊ देतात का. खिडक्यांना ग्रिल असेल आणि जिन्याला एकच दार तेही रात्री बाहेरून कुलूप, अशी जागा कितीही स्वस्त असली तरी नको. आग लागली तर पोरं बाहेर कशी येणार, हा प्रश्न मालकाला तोंडावर विचारा.

तपासा: रूम संध्याकाळी साडेसातनंतर परत एकदा बघा. तेव्हा मुलं घरी असतात, गल्लीत दिवे आहेत की नाही कळतं, आणि मालकाच्या गैरहजेरीत मुलं पाण्याचं खरं सांगतात. मुलीसाठी बघत असाल तर बस स्टॉपपासून गेटपर्यंत त्याच वेळी चालत या.

टप्पा ७: पैसे आणि करार

इथे घाई सगळ्यात महागात पडते, म्हणून क्रम पाळा: आधी अटी, मग करार, मग डिपॉझिट, मग चावी.

ऑनलाईन जाहिरातीतली रूम न बघता टोकन पाठवू नका. "मी सैन्यात आहे, बदली झाली, चावी सोसायटीत ठेवलीये, क्यूआर स्कॅन करा" हा प्रकार फसवणुकीचा आहे. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

फ्लॅट असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरार, नोंदणीकृतच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही मालकाची जबाबदारी आहे. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे" असं सांगतात, ते चूक आहे, अकरा महिन्यांनाही नोंदणी लागते. आणि गंमत म्हणजे करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगितलं की बरेच जण नोंदणीला तयार होतात.

खर्च फार नाही. समजा भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,०००. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून साडेपाच हजार मिळवायचे, त्या सगळ्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे ५६४ रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. वर थोडं हाताळणी शुल्क. बाकी एजंट जे सांगतो ती त्याची मजुरी, ती घासाघीस करण्यासारखी आहे. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या काम होतं. मुलगा अठराच्या आतला असेल तर करार पालकाच्या नावाने करा आणि राहणार कोण ते त्यात लिहून घ्या. सोसायटीला बॅचलर चालतात का हे मालकाला नाही, सोसायटीच्या ऑफिसात विचारा. पोलीस व्हेरिफिकेशन मालकाने करायचं असतं, त्याची प्रत मागून घ्या.

पीजी किंवा हॉस्टेलमध्ये बहुतेक ठिकाणी नुसता नियमांचा फॉर्म असतो. त्यावर या पाच गोष्टी पेनाने का होईना लिहून घ्या: डिपॉझिट किती, त्यातून काय कापणार, लॉक-इन आहे का, नोटीस किती दिवसांची, सोडल्यावर किती दिवसांत पैसे परत. "पेंटिंग चार्ज" म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात ते इथेच कळतं.

बिलात जीएसटी लावलाय का तेही बघा. हॉस्टेलसारख्या निवासाला माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत भाडं असेल आणि सलग किमान ९० दिवस राहायचं असेल तर जुलै २०२४ पासून त्या भाड्यावर जीएसटी माफ आहे. विद्यार्थी तर वर्षभर राहतो, मग कसला टॅक्स, असं विचारायचं.

सावधान: डिपॉझिट रोख देऊ नका. ऑनलाईन द्या आणि शेऱ्यात "डिपॉझिट, अमुक रूम" असं लिहा. रोखच हवे म्हणत असेल तर सही-तारखेची पावती घेतल्याशिवाय उठू नका.

टप्पा ८: सामान

यात फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्या फेरीत गादी, पांघरूण, बादली, मग, दोन कुलपं, एक्स्टेंशन बोर्ड, ताट-वाटी-चमचा, औषधांची पिशवी आणि छत्री. बाकी सगळं इथे मिळतं, तुळशीबागेचा बाजार आहे ना. फ्लॅटमध्ये राहणार असेल आणि गॅस हवा असेल तर पाच किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पण पीजीत गॅस किंवा इंडक्शन चालतं का ते आधी विचारा, जप्त करतात.

टप्पा ९: पहिला महिना

"जेवलास का?" असं विचारू नका, उत्तर "हो" च येतं. "आज भाजी कुठली होती?" असं विचारा. भाजीचं नाव पटकन आलं नाही तर जेवण झालेलं नाही. सलग तीन-चार दिवस असं झालं तर मेस बदलायची वेळ आली, रागवायची नाही.

पैसे महिन्याचे एकदम टाकत असाल तर मेसचे वेगळे टाका, नाहीतर वीस तारखेनंतर मॅगीवर दिवस निघतात. पहिल्या पंधरा दिवसांत पोटाच्या तक्रारी होतात, पाणी बदलतं म्हणून, ओआरएसची पाकिटं देऊन ठेवा. पण ताप, जुलाब थांबत नसतील किंवा हातापायात अशक्तपणा, मुंग्या वाटल्या तर "सोमवारी दाखवतो" चालणार नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रूमजवळचा दवाखाना आणि रात्री उघडं असणारं हॉस्पिटल तुम्ही इथे असतानाच बघून ठेवा. लोकल गार्डियन म्हणून ज्यांचं नाव दिलंय त्यांना निदान एक फोन करून सांगा की तुमचं नाव दिलंय. आम्हा पुणेकरांना बरेचदा रेक्टरच्या फोनवरूनच कळतं की आपण कोणाचे तरी गार्डियन आहोत.

टप्पा १०: रूम सोडायची तयारी राहायला जातानाच

चावी मिळाली की सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा, भिंती, नळ, कपाट, पंखा, गादीवरचे डाग, लाईटचं मीटर. तो मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा, "आज ताबा घेतला, खोली अशी आहे" एवढंच लिहून. सोडताना नोटीस तोंडी देऊ नका, मेसेजवर द्या, कारण तीस दिवस तिथपासून मोजले जातात. परीक्षा मेमध्ये संपणार असेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच नोटीस टाका, पेपर संपल्यावर टाकली तर उन्हाळ्याच्या सुट्टीचं भाडं फुकट जातं. शेवटच्या दिवशी मीटरचा परत फोटो, मेसचं उरलेलं कार्ड संपवलं का ते बघा, आणि डिपॉझिट खात्यावर आल्याचा मेसेज येईपर्यंत चावीची पोच लेखी घेऊन ठेवा.